तीन दुपारींचं बोंडलं

पुरुषाने या विषयावर तोंड उघडू नये, असं आमच्यात आहे. मी सातवी शिकलेला माणूस. वय सत्तरच्या पुढे, बायको जाऊन अजून वर्ष व्हायचंय. ज्याला लाज वाटेल त्याने वाचू नये. ज्या पोरी पहिलटकरीण आहेत, सातवा-आठवा महिना चालू आहे, त्यांनी मात्र वाचावं. आणि ज्यांच्या घरात माझ्यासारखा म्हातारा आहे त्यांनी तर नक्कीच वाचावं.

माझी मुलगी पहिल्या बाळंतपणाला माझ्याकडे आली तेव्हा घरात बाईमाणूस नव्हतं. तिला पाचवा महिना लागला आणि तिची आई गेली. तिचं सासर ठाण्याला, वर्तकनगरात. सासू चांगली बाई आहे. म्हणाली, "इथेच राहा, मी करते सगळं."

मुलगी म्हणाली, "पहिलं बाळंतपण माहेरी असतं."

"अगं, माहेरी आहे कोण आता?"

"बाबा आहेत ना."

हे मला तिने मागाहून सांगितलं. ऐकून बरं वाटलं आणि लगेच भीतीही वाटली. मला चहा येतो, भात येतो, पिठलं येतं. बाळंतीण सांभाळता येत नाही. ठाकुर्लीत आमची जागा चौथ्या मजल्यावर, लिफ्ट नाही. सासूचे गुडघे गेलेले, त्यामुळे तिचं येणं-जाणं नाही. जावई कामावरून सुटला की दोन दिवसांआड येणार. म्हणजे बाकी सगळा मीच.

मी अठराव्या वर्षी साताऱ्याकडून आलेलो, तो थेट कोपरीच्या तबेल्यात. बावीस वर्षं म्हशींची धार काढली. तबेला उठला, मग दुधाच्या गाडीवर लागलो. म्हशीचं मला सगळं कळतं. कुठली पान्हा सोडणार, कुठली चोरणार, हे मी तिच्या कानाकडे बघून सांगायचो. बायको म्हणायची, "म्हशींना बोलता आलं असतं तर माझी सुटका झाली असती."

ती स्वतः बायकांच्या कामाची होती. आमची जुनी चाळ होती तेव्हा कुणी बाळंत झाली, पोर अंगावर पीत नसलं, की हिला बोलवणं यायचं. आत जायची, आम्हा पुरुषांना बाहेर काढायची, दार लावायची. तासाभरात पोर गप्प. एकदा मी विचारलं, आत काय करतेस? म्हणाली, "पुरुषांना काय करायचंय?" मीही परत विचारलं नाही. चाळ पाडली, इमारत झाली, जुन्या बायका कुठे कुठे पांगल्या. आता मजल्यावर चार दारं आहेत आणि चारही बंद.

बायको हॉस्पिटलात होती तेव्हा तिला स्वतःचं कळून चुकलेलं. मुलीला डॉक्टरने झोपून राहायला सांगितलेलं, ती येऊ शकत नव्हती. आईला किती झालंय ते आम्ही तिला सांगितलंही नव्हतं. फोनवर बोलायला गेली की बायकोला धाप लागायची. एका दुपारी मी डबा घेऊन गेलो तर ती म्हणाली, "बसा इथे. पोरीला काय सांगायचं ते नीट ऐकून घ्या. पाजण्याचं."

तिने सुरुवात केली. पोराला कसं धरायचं, छाती कशी हातात घ्यायची. शेजारच्या खाटेजवळ एक माणूस बायकोला सफरचंद कापून देत बसलेला. माझे कान गरम झाले. मी म्हणालो, "हळू बोल, लोक आहेत."

"लोक काय आईचं न पिताच एवढे झाले?"

"बरी झालीस की तूच सांग तिला."

 ती "बरं" म्हणाली आणि डबा उघडायला सांगितला. चौथ्या दिवशी ती गेली. मी गप्प बसून ऐकलं असतं तर दहा मिनिटांचं काम होतं. त्या दहा मिनिटांत काय होतं ते मला आजही माहीत नाही.

मुलगी आठव्या महिन्यात आली. मी माझ्या परीने तयारी केली. डोंबिवलीला जाऊन डिंकाचे आणि अळिवाचे लाडू आणले. जुने सुती कपडे धुऊन लंगोट फाडले. माळ्यावरची बायकोची ट्रंक उतरवली. त्यात टोपडी, दुपटी आणि स्टीलचं बोंडलं निघालं. बोंडलं म्हणजे तान्ह्या पोराला औषध पाजायचं, चोच असलेलं छोटं भांडं. मुलीला त्यातूनच पाजलेलं. मी ते घासून ठेवलं.

मुलगी फोनवर व्हिडिओ बघायची. त्यात एक बाई बाहुली हातात धरून दाखवायची, असं घ्या, तसं घ्या. मी चहा द्यायला गेलो तेव्हा बघितलं. म्हणालो, "बाहुलीला कुठे भूक असते."

"मग तुम्ही सांगा, बाबा."

मी कप ठेवून बाहेर आलो.

पोरींनो, पहिली गोष्ट इथे सांगतो. पोटात पोर असतानाच एखादी बाई शोधून ठेवा, जिला हे काम येतं. आई असेल, नर्स असेल, नात्यातली कुणी असेल. नुसती ओळख करून ठेवू नका, तिला सांगून ठेवा की मी बोलावलं की या. आम्ही लाडू आणले, लंगोट फाडले, पाळणा टांगला, आणि हे तेवढं केलं नाही.

कल्याणच्या हॉस्पिटलात तिला मुलगी झाली. टाके पडले, पण आपसूक झाली. तिथल्या सिस्टरने लगेच पोरीला आईच्या उघड्या छातीवर ठेवलं आणि पहिलं पिवळं दूध, चीक, पाजून घेतला. हे ऐकून मला बरं वाटलं, कारण आमच्या मुलीच्या वेळी माझ्या आईने तो चीक पिळून टाकायला लावलेला. घाण असतं म्हणाली. तेव्हा मी कोपरीला रोज बघत होतो की ज्या पारडाला चीक मिळत नाही ते उभं राहत नाही. आईपुढे बोललो मात्र नाही. तुमच्या घरात कुणी चीक टाकायला सांगितलं तर ऐकू नका. तो पोराचाच असतो.

तिसऱ्या दिवशी घरी आलो. हॉस्पिटलात सिस्टर होती तोवर बरं चाललेलं. घरी पोर तोंड लावायची, दोन वेळा ओढायची, सोडून द्यायची, ओरडायची. मुलीला कळा यायच्या. दार बंद असायचं, मी बाहेर बसून ऐकायचो. चौथ्या दिवशी तिची छाती दगडासारखी झाली, हे मला तिने सांगितलं नाही. ती हात अंगापासून लांब धरून चालत होती त्यावरून मला कळलं. कास तटली की म्हैस मागचे पाय तसेच फाकवून चालते. मी पाणी गरम केलं, जुन्या पंच्याचे दोन तुकडे केले, दाराबाहेर ठेवले आणि हाक मारली.

दार थोडं उघडलं. "हे कशाला?"

"शेक. पाजायच्या आधी. मग थोडं हाताने काढ, मऊ पडलं की तिला दे. आत्ता तिच्या तोंडात मावत नसेल."

"तुम्हाला कुणी सांगितलं?"

"तबेल्यात करायचो."

तिने पंच्याचे तुकडे उचलून बघितले. "मी म्हैस आहे का, बाबा?"

तोंडातून गेलेलं परत घेता येत नाही. तिने दार लावलं. पाणी मात्र आत घेतलं. तासाभराने पोर पिऊन झोपली. मुलगी बाहेर आली, डोळे सुजलेले, म्हणाली, "म्हशीला जेवायला काय आहे?" मी पिठलं-भात वाढला. त्या दिवशी आम्ही दोघं थोडं हसलो. मला वाटलं, जमतंय.

जमत नव्हतं. सहाव्या दिवशी दुपारी ती थकून झोपली आणि पोर माझ्याकडे बाहेर होती. पोर रडायला लागली. तान्ह्या पोराचं रडणं ज्याने एकट्याने ऐकलंय त्याला मी काय सांगू. मी उचललं, फिरवलं, गॅलरीत नेऊन कावळा दाखवला. मुलीला उठवावं तर ती दोन दिवसांत पहिल्यांदा डोळा लागून झोपलेली. पोरीचं तोंड माझ्या बनियनला लागत होतं. तिला तिथे काही मिळत नव्हतं आणि ती परत परत शोधत होती.

घरात गाईच्या दुधाची पिशवी होती. मी दूध उकळलं, निम्मं पाणी घातलं, निववलं आणि बोंडल्याने पाजलं. ती गटागट प्यायली. मग तीन तास झोपली. मी तिच्याकडे बघत बसलो. खोटं कशाला बोलू, मला फार बरं वाटलं. आपणही काही करू शकतो असं वाटलं.

मुलगी उठली, तिने पोरीला घेतलं. पोरीने तोंड फिरवलं.

"बाबा, ही घेत का नाही?"

"झोपेत असेल," मी म्हणालो.

दुसऱ्या दिवशी दुपारी परत तेच केलं. तिसऱ्या दिवशीही. बोंडलं धुऊन डब्यामागे ठेवून द्यायचो. म्हणजे मला माहीत होतं की लपवतोय.

तिसऱ्या दिवशी संध्याकाळी मुलगी स्वयंपाकघराच्या दारात येऊन उभी राहिली. मी पोळ्या लाटत होतो, माझ्या पोळ्या म्हणजे नकाशेच. ती म्हणाली, "मला दूधच नाहीये, बाबा. काल होतं तेवढंही आज नाही. तिला मी नकोच आहे. तोंड फिरवते माझ्याकडून. आईला किती होतं?"

 ज्या म्हशीची धार चुकते ती आटते. एक वेळ चुकली तर कमी देते, तीन-चार दिवस चुकली तर गेलीच. बावीस वर्षं मला हे रोज माहीत होतं. पाऊस असो, ताप असो, धार चुकवायची नाही. आणि माझ्या घरात, माझ्या मुलीची धार मी रोज दुपारी चुकवत होतो. पोराचं पोट मी भरलं, तर ते ओढणार कशाला, आणि ओढलं नाही तर येणार कुठून.

तेव्हाच सांगायला हवं होतं. मी म्हणालो, "येईल. लाडू खा."

दुसऱ्या दिवशी कल्याणला दाखवायला जायचं होतं. सिस्टरने पोरीला वजनकाट्यावर ठेवलं. जन्माला आली त्यापेक्षा कमी भरली. सिस्टरने कागदावर बघितलं, परत ठेवून बघितलं.

"अंगावरचंच पाजताय ना? वरचं काही? पाणी, मध, गुटी, दूध?"

"काहीच नाही," मुलगी म्हणाली. "एक थेंब नाही, सिस्टर. मलाच येत नाहीये." आणि तिचं तोंड वाकडं झालं. आई गेली तेव्हाही ती अशी रडली नव्हती. तिथे भिंतीशी आणखी चार बाया पोरं घेऊन बसलेल्या.

मी म्हणालो, "मी दिलंय."

सिस्टर म्हणाली, "काय दिलंय, आजोबा?"

"गाईचं. निम्मं पाणी घालून. तीन दिवस दुपारी. हिला माहीत नाही."

मुलीने माझ्याकडे बघितलं नाही. पोरीचं दुपटं नीट करत राहिली. ते नीटच होतं.

सिस्टर मला ओरडली असती तर बरं झालं असतं. तिने आतून डॉक्टरीणबाईंना बोलावलं. त्यांनी पोरीला तपासलं, पोट दाबून बघितलं, म्हणाल्या, आत्ता धोका नाही, पण वरचं दूध एकदम बंद, आणि तीन दिवसांनी परत वजन. मग सिस्टरने मुलीला खुर्चीत बसवलं. मी उठून बाहेर निघालो तर म्हणाली, "आजोबा, कुठे चाललात? बसा. तुम्हाला आधी कळायला पाहिजे."

बायकोने जे सांगायला घेतलेलं, ते बहुतेक हेच असावं. मी भिंतीकडे तोंड करून ऐकलं. तुमच्यासाठी लिहितो. पोराचं पोट आपल्या पोटाला लागलं पाहिजे, नुसती मान वळवून पाजायचं नाही. आपण वाकायचं नाही, पोराला आपल्याकडे आणायचं. पोराच्या ओठाला बोंड लावून वाट बघायची, जांभई देताना उघडतं तेवढं तोंड उघडलं की मग घ्यायचं. नुसतं बोंड नाही, भोवतीचा काळा भागही बराचसा तोंडात गेला पाहिजे. हनुवटी छातीत रुतलेली, खालचा ओठ बाहेर वळलेला. सुरुवातीला जरा दुखतं, पण पाजताना सारखी कळ येत असेल तर धरलेलं चुकलंय. करंगळी कोपऱ्यातून घालून सोडवायचं आणि परत लावायचं. दहा वेळा परत लावावं लागलं तर दहा वेळा. दिवसा-रात्री मिळून आठ ते बारा वेळा पाजायचं, घड्याळ बघून नाही, पोर हात चोखायला लागलं की. रडेपर्यंत थांबायचं नाही. झोपाळू असेल तर उठवून पाजायचं. सहा महिने दुसरं काही नाही, पाणीसुद्धा नाही.

"आणि लंगोट बघा," सिस्टर म्हणाली. "आता दिवसाला सहा तरी चांगले ओले झाले पाहिजेत. होत नसतील, पोर सुस्त पडलं, तुम्हाला ताप आला, छाती लाल झाली, तर लगेच यायचं. वाट बघायची नाही."

मुलीने विचारलं, "आणि नाहीच आलं तर?"

"बहुतेकांना येतं. काहींना कमी पडतं, मग किती आणि काय द्यायचं ते डॉक्टर सांगतात. त्यात आईचा गुन्हा नसतो. तू आई नाहीस असं होत नाही."

मग माझ्याकडे वळली. "आजोबा, तुमचं काम माहितीये काय? ती पाजायला बसली की तांब्याभर पाणी ठेवायचं आणि गप्प बसायचं. जमेल?"

बायांपैकी एक हसली. मी "जमेल" म्हणालो.

रिक्षात मुलगी पत्री पुलापर्यंत पोरीलाच थोपटत होती. मग बाहेर बघतच म्हणाली, "मी रडत होते, बाबा. तुमच्यासमोर. मला दूध नाही, तिला मी नको, असं बोलत होते. आणि तुम्ही पोळ्या लाटत होता."

 ती खरं तेच बोलत होती.

"मला वाटलं माझ्यातच काहीतरी कमी आहे."

"तुला झोप लागलेली," मी म्हणालो. "उठवावंसं वाटलं नाही."

"उठवायचं होतं ना. एवढंच करायचं होतं."

घरी आल्यावर तिने बोंडलं मागितलं. मी डब्यामागून काढून दिलं. तिने ते फेकलं नाही, काही नाही. कपाटात आईच्या साड्यांमध्ये ठेवलं आणि किल्ली स्वतःकडे घेतली.

पुढचे तीन दिवस ती पाजण्याशिवाय काही करत नव्हती. दर दीड-दोन तासांनी. तिच्या पाठीमागे उशा, मांडीवर उशी. मी पाणी ठेवायचो, भाकरी कुस्करून ताटली ठेवायचो, कारण तिला एकच हात मोकळा असायचा. बाकी वेळ गॅलरीत. तारेवर लंगोट वाळत घालायचं काम माझ्याकडे आलं. पहिल्या दिवशी चार. दुसऱ्या दिवशी पाच. मी नीट पिळून, सरळ करून घालायचो, जसं काही त्याने फरक पडणार होता. तिसऱ्या दिवशी दुपारपर्यंतच पाच झाले. मी आत जाऊन सांगणार होतो. मग म्हटलं, तिला माहीत आहे, तीच तर बदलते.

वजन वाढलं. फार नाही, पण काटा पुढे गेला. सिस्टर म्हणाली, "बघ, आहे की दूध." मुलगी एवढी हसली की मला दुसरीकडे बघावं लागलं. पोर आता दोन महिन्यांची होत आली, मनगटाला वळी पडल्यात. पिताना घोट गिळल्याचा आवाज बाहेर येतो. मुलीचे पाजण्याचे हाल संपलेत, आता ती पोरीला एका हाताने लावून दुसऱ्या हाताने फोनवर नवऱ्याशी भांडते.

एक राहिलंय. ती पोरीला माझ्याजवळ एकटं सोडत नाही. आंघोळीला जाते तेव्हा पोरीला टोपलीत घालून न्हाणीच्या दारात ठेवते, दार उघडं ठेवून, आड पडदा. ती मला काही बोलत नाही, जेवायला वाढते, औषधाची आठवण करते. पण टोपली न्हाणीच्या दारातच असते. तिच्या जागी मी असतो तर मीही तेच केलं असतं.

म्हणून पोरींनो, घरातल्या म्हाताऱ्यावर विश्वास ठेवा, पण आधी त्याला बसवून सांगा. समोर बसवून, लाज न बाळगता. रडली तर मला उठवा, काही पाजू नका, एवढं त्याच्याकडून परत म्हणून घ्या. तो म्हणेल लोक आहेत, हळू बोल. तुम्ही हळू बोलू नका.

आज सकाळी ती न्हाणीत होती आणि टोपलीतून रडणं सुरू झालं. मी उठलो आणि चार पावलांवर थांबलो.

आतून आवाज आला, "बाबा, आले मी. हात लावू नका."

"नाही लावत."

"साबण आहे अंगाला, दोन मिनिटं."

मी टोपलीजवळ जमिनीवर बसलो, दोन्ही हात मांडीखाली घालून. पोर लाल होऊन रडत होती, मुठी तोंडात घालत होती. मी तिला म्हटलं, येतेय तुझी आई, पाणी ओतायचंच राहिलंय. तिला ते काय कळणार. ती माझ्याकडे बघून आणखी मोठ्याने रडायला लागली आणि मी तसाच बसून राहिलो.